चेहरा स्पष्ट, पार्श्वभूमी धूसर

एखादे उत्तम व्यक्तिचित्र पाहताना आपली दृष्टी प्रथम डोळ्यांवर स्थिरावते. पापण्यांचे केस मोजता यावेत इतका चेहरा स्पष्ट असतो आणि त्याच्या मागे अंगणातील झाड, खिडकीचे गज, दिव्यांची माळ हे सारे रंगांच्या मऊ धुक्यात विरघळून गेलेले असते. अशा चित्राचे कौतुक करताना आपण चेहऱ्याविषयी बोलतो. मागच्या धुक्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. धूसरपणा म्हणजे केवळ स्पष्टतेचा अभाव, त्यात पाहण्यासारखे ते काय, अशी पुष्कळांची समजूत असते.

परंतु एकाच व्यक्तीची, एकाच जागेवरून, दोन निरनिराळ्या भिंगांनी घेतलेली दोन छायाचित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एकात पार्श्वभूमी दुधावरच्या सायीसारखी मऊ दिसेल. दुसऱ्यात तीच पार्श्वभूमी अस्वस्थ वाटेल: प्रत्येक फांदीला दोन कडा, प्रत्येक दिव्याभोवती लख्ख कडे, आणि चित्राच्या कोपऱ्यांत सारे काही भोवऱ्यासारखे फिरत असल्याचा भास. धूसर दोन्ही आहेत, पण धूसरपणाचा पोत वेगळा आहे. जपानी भाषेत या पोताला ‘बोके’ म्हणतात. मराठी वाचकांस तो शब्द ऐकून मांजरांची आठवण होईल. मात्र १९९७ मध्ये एका अमेरिकन छायाचित्रण-मासिकाने त्याची सविस्तर चर्चा केल्यापासून हा शब्द जगभर रूढ झाला आहे.

हा पोत कोठून येतो? तो भिंगाच्या दोषांतून येतो. कोणतेही भिंग सर्वस्वी निर्दोष करता येत नाही. कोणता दोष किती घालवावयाचा आणि कोणता थोडासा राहू द्यावयाचा, हे भिंग घडविणाऱ्याला ठरवावे लागते. त्याने काय ठरविले ते चित्राच्या पार्श्वभूमीत उमटते.

धूसरपणाचे गणित

भिंगाचे काम तसे सोपे आहे. समोरच्या एका बिंदूपासून निघालेले आणि भिंगाच्या सर्व भागांवर पडलेले किरण त्याने पुन्हा एका बिंदूत आणावयाचे. ज्या अंतरासाठी भिंग जुळविलेले असते त्या अंतरावरील वस्तूंच्या बाबतीत हे साधते. मागच्या वस्तूंचे किरण मात्र फिल्मपर्यंत पोहोचण्यापूर्वीच एकत्र येतात आणि पुन्हा पसरू लागतात. त्यामुळे बिंदूच्या जागी लहानशी चकती उमटते. अशा असंख्य चकत्या एकमेकींवर पडल्या की पार्श्वभूमी धूसर होते.

ही चकती केवढी असेल? त्याचे उत्तर मोठे मनोरंजक आहे. फार दूरच्या दिव्याकडून येणारे किरण जवळजवळ समांतर असतात. त्यांतील जेवढे भिंगाच्या उघड्या तोंडात, म्हणजे द्वारकात, शिरतात त्यांचा एक सरळ झोत कल्पावा. त्या झोताची रुंदी द्वारकाएवढी असणार, आणि चेहऱ्याच्या पातळीवरून जाताना देखील ती तेवढीच असणार. म्हणून चित्रात चेहऱ्याच्या मापाने मोजले, तर दूरच्या दिव्याची चकती बरोबर द्वारकाएवढी भरते. ५० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग एफ/१.४ पर्यंत उघडले, तर द्वारकाची रुंदी सुमारे ३६ मिलिमीटर होते. म्हणजे गालाशेजारी दिसणारी दिव्याची चकती दहा रुपयांच्या नाण्याहून मोठी. तेच भिंग एफ/८ पर्यंत मिटविले, तर द्वारक सव्वासहा मिलिमीटरांचे उरते आणि चकती वाटाण्याएवढी होते.

येथे ‘एफ’ या अक्षरापुढील आकड्याचा अर्थ सांगितला पाहिजे. भिंगाच्या नाभीय अंतराला द्वारकाच्या रुंदीने भागले की हा आकडा मिळतो. आकडा जितका लहान तितके द्वारक मोठे. आकडा निम्मा झाला की प्रकाश चौपट येतो आणि चित्र घेण्यास लागणारा वेळ एक चतुर्थांश होतो. म्हणूनच मोठ्या द्वारकाच्या भिंगाला छायाचित्रकार ‘फास्ट लेन्स’, म्हणजे वेगवान भिंग, म्हणतात.

चकती ही द्वारकाचीच आकृती असते, हे घरच्या घरी पडताळून पाहता येते. रात्री खोलीतील दिवे मालवावेत आणि एकच लहान, उघडा दिवा किंवा मेणबत्ती ठेवावी. वाचनाचे बहिर्गोल भिंग हातात धरून समोरच्या पांढऱ्या भिंतीवर ज्योतीची स्पष्ट प्रतिमा पाडावी. नंतर भिंग थोडे मागेपुढे केले की ज्योतीची गोल चकती होते. आता काळ्या कागदात चांदणीच्या आकाराचे भोक कापून तो कागद भिंगावर चिकटवावा. प्रतिमा स्पष्ट असताना ज्योत पूर्वीसारखीच, फक्त मंद दिसेल. परंतु भिंग हलविताच चकतीच्या जागी चांदणी उमटेल. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. मात्र भिंगातून सूर्याकडे कोणीही, केव्हाही पाहू नये.

व्हिएन्नाचा गणिती

वेगवान भिंगाची गरज छायाचित्रणाच्या जन्माबरोबरच भासू लागली. १९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेर याची चित्रे उमटविण्याची पद्धत जाहीर करण्यात आली. त्या वेळी वापरले जाणारे शेव्हालिये यांचे भिंग चांगले असले, तरी त्याचे द्वारक एफ/१६ च्या आसपास होते. भर उन्हात देखील चित्र उमटण्यास कित्येक मिनिटे लागत. इमारती व पुतळे स्थिर राहत. माणसाला मात्र तितका वेळ निश्चल बसणे कठीण जाई. चेहरा हलला की तो पुसट होई. छायाचित्रण तर सापडले होते, पण त्यात जिवंत माणसाला अद्याप नीट प्रवेश मिळाला नव्हता.

हा प्रश्न सोडविला योसेफ पेट्झवाल या गणितज्ञाने. पेट्झवाल यांचा जन्म १८०७ मध्ये त्या वेळच्या हंगेरीच्या राज्यात, आजच्या स्लोव्हाकियात झाला. १८३७ पासून ते व्हिएन्ना विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. तोपर्यंत भिंगे घडविणारे कारागीर अनुभवाने आणि चाचपून काम करीत. काच घासावयाची, पाहावयाचे, पुन्हा घासावयाची. पेट्झवाल यांनी काच हाती घेण्यापूर्वी किरणांचे मार्ग गणिताने काढण्याचे ठरविले. ही आकडेमोड एकट्याच्या आवाक्याबाहेरची होती. तेव्हा ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील हिशेबात तरबेज असलेले काही सैनिक त्यांच्या मदतीला देण्यात आले. तोफगोळ्यांचे मार्ग मोजणाऱ्या हातांनी काही काळ प्रकाशाच्या किरणांचे मार्ग मोजले.

या परिश्रमातून १८४० मध्ये चार काचांचे एक भिंग जन्मास आले. पुढे दोन काचा एकमेकींस चिकटविलेल्या आणि मागे दोन काचा किंचित अंतर ठेवून बसविलेल्या, अशी त्याची रचना होती. फोक्टलेंडर या व्हिएन्नातील कारखानदाराने ते घडविले. त्याचे द्वारक एफ/३.६ होते. एफ/१६ च्या तुलनेत त्यातून सुमारे वीसपट प्रकाश येई. रासायनिक सुधारणांचीही त्याला जोड मिळाली आणि मिनिटांचे काम सेकंदांवर आले. आई, वडील, मूल यांना खुर्चीवर बसवून त्यांचा चेहरा कायमचा जतन करून ठेवणे शक्य झाले. घरोघरच्या भिंतींवर पुढे जी व्यक्तिचित्रे लागली, त्यांची वाट या चार काचांनी मोकळी केली.

पेट्झवाल यांच्या वाट्याला त्या मानाने फारसे काही आले नाही. भिंगाचे हक्क आणि मोबदला यांवरून त्यांचा व फोक्टलेंडर यांचा कडवट वाद झाला. १८५९ मध्ये त्यांच्या घरी चोरी झाली आणि अनेक वर्षांच्या प्रकाशशास्त्रीय संशोधनाची हस्तलिखिते नाहीशी झाली. त्यानंतर या विषयातून ते जवळजवळ निवृत्तच झाले. १८९१ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले.

वेगाची किंमत

पेट्झवाल यांच्या भिंगाने वेग मिळवून दिला. परंतु तो फुकट मिळाला नव्हता. चित्राचा मध्य अतिशय स्पष्ट असे, कडेकडे जाताना स्पष्टता झपाट्याने ढळे. चेहरा मध्यभागी असल्याने व्यक्तिचित्रात हे खपून जाई. इमारतीचे किंवा मोठ्या समूहाचे चित्र घेताना मात्र ते खपत नसे. द्वारक मोठे केले की दोष का वाढतात, याचे व्यवस्थित गणित १८५६-५७ च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ लुडविग झायडेल यांनी मांडले. भिंगाच्या या दोषांना शास्त्रात ‘विपथन’ म्हणतात. म्हणजे किरणांनी ठरलेली वाट सोडणे. झायडेल यांनी पाच विपथने निश्चित केली.

पहिले गोलीय विपथन. गोलाकार पृष्ठाच्या काचेच्या कडेवरून गेलेले किरण मध्यातून गेलेल्या किरणांपेक्षा अलीकडेच एकत्र येतात. त्यामुळे चित्रावर एक मंद धुके पसरते. दुसरे कोमा. याने चित्राच्या कडेचा प्रकाशबिंदू धूमकेतूसारखा, शेपटी फुटलेला दिसतो. तिसऱ्याची कल्पना बैलगाडीच्या चाकावरून यावी: चाकाचा आस चित्राच्या मध्यावर धरला, तर आरे स्पष्ट केल्यावर धाव अस्पष्ट होते आणि धाव स्पष्ट केल्यावर आरे. ज्यांच्या चष्म्याच्या नंबरात ‘सिलिंडर’ असतो, त्यांच्या डोळ्यांतील दोष याच जातीचा. चौथ्या दोषामुळे प्रतिमा सपाट पृष्ठावर न पडता वाटीच्या आतल्या बाजूसारख्या वक्र पृष्ठावर पडते. फिल्म तर सपाट असते. पाचव्या दोषाने सरळ रेषा वाकतात, पण अस्पष्ट होत नाहीत.

या पाचांच्या जोडीला रंगांचा दोष आहे. काच निळ्या किरणांना तांबड्यांपेक्षा अधिक वळविते. त्यामुळे निरनिराळे रंग निरनिराळ्या ठिकाणी एकत्र येतात. दोन जातींच्या काचा जोडून हा दोष बराच कमी करता येतो. अशा जोडभिंगाचे पेटंट लंडनच्या जॉन डॉलंड यांनी १७५८ मध्ये मिळविले. तरीही वेगवान भिंगात थोडा दोष मागे राहतोच. स्पष्ट भागाच्या मागील कडांना हिरवट आणि पुढील कडांना जांभळट झाक येते ती यामुळेच.

आता वेगाची किंमत आकड्यांत पाहू. एफ/४ चे भिंग एफ/२ पर्यंत उघडले, म्हणजे द्वारकाची रुंदी दुप्पट केली, तर प्रकाश चौपट होतो. त्याच वेळी गोलीय विपथनाने होणारा पसारा आठपट वाढतो, कोमाचा चौपट, तिसऱ्या व चौथ्या दोषांचा दुप्पट. पाचव्यात फरक पडत नाही. लाभ चौपट आणि पहिल्या दोषाची वाढ आठपट, असा हा व्यवहार आहे. वेगवान भिंगे जड, अनेक काचांची आणि महाग का असतात, याचे कारण येथे सापडते. एका काचेचा दोष दुसरीच्या उलट दोषाने फेडावा लागतो. त्यासाठी तिसरी, चौथी, सातवी काच घालावी लागते.

काचांच्या जाती वाढल्या तशी ही फेड सोपी होत गेली. १८८४ मध्ये जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट, एर्न्स्ट आबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काचेचा जो कारखाना काढला, त्यातून पूर्वी नसलेल्या गुणांच्या काचा मिळू लागल्या. त्यांच्या आधाराने झाइस कंपनीच्या पाउल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये ‘प्लानार’ भिंगाची रचना केली. परंतु काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर शंभरातील सुमारे चार भाग प्रकाश परत फिरतो. प्लानारमध्ये अशा आठ सीमा होत्या. एक चतुर्थांशाहून अधिक प्रकाश वाया जाई आणि त्यातला काही इतस्ततः उसळून चित्र फिके करी. १९३५ मध्ये झाइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अत्यंत पातळ लेप देण्याची युक्ती काढली. त्यानंतर ही रचना खऱ्या अर्थाने उपयोगात आली. आज ५० मिलिमीटरांची साधी एफ/१.८ भिंगे आपल्या बाजारात मिळतात, त्यांतील पुष्कळ याच वंशातील आहेत. आपल्या देशातही १९५० मध्ये कोलकाता येथे केंद्रीय काच व मृत्तिका संशोधन संस्था स्थापन झाली आणि अशा प्रकाशकीय काचेच्या निर्मितीचे तंत्र तिने विकसित केले.

दोष पार्श्वभूमीत कसे दिसतात

स्पष्ट भागात जे दोष क्षुल्लक वाटतात तेच धूसर भागात ठळकपणे दिसतात. चकती मोठी असते, आणि तिच्या आत प्रकाश कसा वाटला गेला आहे हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

गोलीय विपथन थोडे शिल्लक ठेवले, तर मागच्या दिव्याची चकती मध्यभागी उजळ आणि कडेला फिकट होत जाणारी दिसते. अशा चकत्या एकमेकींत सहज मिसळतात आणि पार्श्वभूमी मऊ होते. याउलट हा दोष फेडताना काच उलट बाजूस झुकली, म्हणजे फेड गरजेपेक्षा अधिक झाली, तर प्रकाश चकतीच्या कडेला गोळा होतो व लख्ख कडे दिसते. बारीक फांदीची तर दोन्ही बाजूंस उजळ कड येऊन दुहेरी रेघ होते. गंमत अशी की चेहऱ्याच्या पुढे असलेल्या वस्तूंच्या बाबतीत हे सारे नेमके उलट घडते. जे भिंग मागचे मऊ करते ते पुढचे कठोर करते. दोन्हीकडे समान न्याय हवा असेल, तर गोलीय विपथन जवळजवळ पूर्ण फेडलेले असावे लागते. मग चकती एकसारखी उजळ, थाळीसारखी सपाट दिसते.

कोपऱ्यांतील भोवऱ्याचे कारण समजण्यासाठी दोन सारख्या मापाच्या बांगड्या घ्याव्यात आणि चार बोटांचे अंतर ठेवून एकीमागे एक धराव्यात. समोरून पाहिल्यास दोहोंतून एकच गोल मोकळी जागा दिसते. मान थोडी बाजूस नेली की त्या एकमेकींना झाकू लागतात आणि मधली मोकळी जागा बदामाच्या आकाराची होते. भिंगाच्या पुढच्या व मागच्या काचांच्या कडा याच प्रकारे तिरप्या किरणांना अडवितात. म्हणून चित्राच्या मध्यभागी चकत्या गोल, तर कोपऱ्यांत बदामी दिसतात. आणि हे सारे बदाम चित्राच्या मध्याभोवती फेर धरल्यासारखे मांडले जातात. त्यात तिसऱ्या व चौथ्या दोषांची भर पडली की पार्श्वभूमी गरगर फिरू लागते. पेट्झवाल यांच्या रचनेत हा भोवरा फार ठळक असतो. ज्याला एके काळी दोष मानून भिंगकारांनी नाहीसे करण्याचा यत्न केला, त्याच भोवऱ्यासाठी २०१३ मध्ये लोमोग्राफी या कंपनीने पेट्झवाल यांच्या रचनेवर आधारलेले भिंग नव्याने काढले आणि लोकांनी ते हौसेने विकत घेतले.

दोषांना कामाला लावणारे कारागीर

दोष मुद्दाम राखून त्याचा उपयोग करण्याची कल्पनाही जुनीच आहे. लंडनचे भिंगकार जॉन हेन्री डालमायर यांनी १८६६ मध्ये व्यक्तिचित्रासाठी एक भिंग काढले. त्याच्या मागील भागातील काचांमधील अंतर फिरवून वाढविता येई, आणि जसजसे ते वाढेल तसतसे गोलीय विपथन वाढून चेहरा मृदू होई. छायाचित्रकार दोषाची मात्रा जणू मिठासारखी चवीपुरती घालू शके.

सव्वाशे वर्षांनी, १९९० च्या सुमारास, जपानच्या निकॉन कंपनीने १३५ मिलिमीटरांचे एफ/२ भिंग तयार केले. त्यावरील एक कडे फिरविले की गोलीय विपथनाचा झोल पाहिजे त्या बाजूस देता येई: मागची पार्श्वभूमी मऊ करावयाची की पुढील भाग मऊ करावयाचा, हे चित्र घेणाऱ्याने ठरवावे. १९९९ मध्ये मिनोल्टा कंपनीने निराळा मार्ग धरला. तिने १३५ मिलिमीटरांच्या भिंगात कडेकडे गडद होत जाणारी एक काच बसविली. तिच्यामुळे प्रत्येक चकतीची कड आपोआप विरत जाते. त्यासाठी प्रकाशाचा मोठा वाटा सोडून द्यावा लागला, एफ/२.८ चे भिंग प्रत्यक्षात जवळजवळ एफ/४.५ एवढाच प्रकाश देई. मऊपणा हवा तर वेग थोडा सोडावा लागला.

वेगाचे टोक पाहावयाचे असेल, तर झाइस कंपनीच्या ५० मिलिमीटर एफ/०.७ या भिंगाकडे पाहावे. १९६६ मध्ये अशी केवळ दहा भिंगे घडविण्यात आली. त्यांतील सहा अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेने घेतली आणि तीन चित्रपट-दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी. १९७५ मध्ये पडद्यावर आलेल्या ‘बॅरी लिंडन’ या चित्रपटातील काही प्रसंग त्यांनी या भिंगांच्या साह्याने केवळ मेणबत्त्यांच्या प्रकाशात चित्रित केले. परंतु इतक्या मोठ्या द्वारकात स्पष्टतेची खोली अगदी थोडी उरते. नटाने किंचित पुढे वाकले, तरी चेहरा धुक्यात जाई. म्हणून नटांना आपल्या हालचाली आखून घ्याव्या लागल्या. छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात मंद भिंगांनी माणसाला खुर्चीवर जखडून ठेवले होते. अतिवेगवान भिंगानेही अखेर तेच केले.

खिशातील भिंग

आज बहुतेक कुटुंबांत छायाचित्रे मोबाइल फोननेच घेतली जातात. त्याच्या मुख्य भिंगावर एफ/१.८ असा आकडा असला, तरी त्याचे नाभीय अंतर सात मिलिमीटरांच्या आसपास असते; म्हणजे द्वारकाची रुंदी जेमतेम चार मिलिमीटर. मघाच्या नियमाप्रमाणे दूरच्या दिव्याची चकती चेहऱ्याच्या मापाने चार मिलिमीटरच होणार. म्हणून फोन धूसरपणा हिशेबाने तयार करतो. चेहरा कोठे संपतो व पार्श्वभूमी कोठे सुरू होते याचा तो अंदाज बांधतो आणि मागील भागावर गणिती धुके पसरवितो. हा अंदाज बहुतेक वेळा चांगला असतो. पण वाऱ्यावर उडणारे केस, वेणीतील गजरा, चष्म्याच्या काडीमागील मोकळी जागा अशा ठिकाणी तो चुकतो; केसांची कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. खऱ्या भिंगाचे धुके अंतराप्रमाणे हळूहळू वाढते. कानापाशी थोडे, खांद्यामागे अधिक, भिंतीवर पूर्ण. चित्र पाहताना ही चढण शोधावी. खरे आणि हिशेबी धुके यांतील भेद तेथे लवकर कळतो.

कुटुंबाचे चित्र घेणाऱ्यांसाठी

या माहितीचा घरगुती उपयोगही आहे. ५० मिलिमीटरांचे भिंग एफ/१.४ वर ठेवून दोन मीटरांवरील चेहरा टिपला, तर स्पष्टतेची खोली साधारण तेरा सेंटिमीटर असते. एकट्या व्यक्तीस ती पुरते. परंतु पुढे नातवंडे आणि मागे आजी-आजोबा अशी दोन ओळींची मांडणी असेल, तर मागची ओळ धुक्यात जाईल. तेच भिंग एफ/८ वर आणले की खोली सुमारे पाऊण मीटर होते व दोन्ही ओळी सामावतात. तेव्हा समूहाचे चित्र घेताना द्वारक लहान करावे, किंवा सर्वांस भिंगापासून सारख्या अंतरावर बसवावे. एकाच व्यक्तीचे चित्र असेल, तर द्वारक उघडावे, व्यक्तीला भिंतीपासून शक्य तितके दूर आणावे आणि मागे काय आहे ते आधी पाहावे. झाडाच्या पानांतून येणारे प्रकाशाचे ठिपके, तारेचे कुंपण, बारीक फांद्या यांवर भिंगाचे दोष सर्वांत अधिक उघडे पडतात. मोकळे शेत किंवा सावलीतील भिंत यांवर सर्वांत कमी. भोवरा फार वाटला, तर द्वारक एक-दोन घरे मिटवावे. बदाम पुन्हा गोल होऊ लागतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पार्श्वभूमी धूसर करणे म्हणजे तिला चित्रातून रजा देणे होय. आज नकोशी वाटणारी पार्श्वभूमी उद्या मौल्यवान ठरू शकते. जुन्या कौटुंबिक छायाचित्रांत आपण आजोबांचा चेहरा जितक्या आवडीने पाहतो, तितक्याच आवडीने त्यांच्या मागील ओसरी, कोनाड्यातील कंदील, भिंतीवरील दिनदर्शिका, दारापुढील रस्ता पाहतो. ते घर पडलेले असते, तो रस्ता रुंद झालेला असतो. त्यांची खूण त्या चित्रातच उरलेली असते. म्हणून मऊ पार्श्वभूमीचे एक सुंदर चित्र घेतल्यानंतर द्वारक मिटवून, घर आणि माणसे दोन्ही स्पष्ट दिसतील असे दुसरे चित्रही घ्यावे. फोनमधील हिशेबी धुके तर मागेपुढे न पाहता बंद ठेवून एक चित्र घेता येते. त्यास दोन क्षणही लागत नाहीत.

भिंगकाराला दोष संपविता येत नाहीत. ते कोठे ठेवावेत एवढेच त्याच्या हाती असते. पेट्झवाल यांनी ते चित्राच्या कडेला ठेवले आणि मध्यभागी माणसाच्या चेहऱ्याला जागा करून दिली. कॅमेरा हाती घेणाऱ्या प्रत्येकाला असाच निर्णय करावा लागतो. काय स्पष्ट ठेवावयाचे आणि कशाला धुक्यात जाऊ द्यावयाचे, हे भिंगाच्या कड्यावर बोट ठेवताना क्षणभर थांबून ठरविले, तर घरातील पुढच्या पिढीला ते चित्र पाहताना त्या थांबण्याचा लाभ होईल.